वाटीतली सोळा बटणं

८ जानेवारी

हिशोबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरी जातात. या वर्षी पुढून किराणा आणि मागून ही नवी भानगड. वेगळी डायरी कशाला?

भानगड अशी, की तळमजल्यावरच्या शिवणवालीने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी शहराबाहेरच्या तलावावर नवशिक्यांसाठी शर्यत आहे. आधी चारशे मीटर पोहायचं, लगेच बारा किलोमीटर सायकल, आणि लगेच तलावाच्या कडेने तीन फेऱ्या पळायचं. याला ट्रायथलॉन म्हणतात. समोरच्या शाळेतल्या खेळाच्या बाई सकाळी सहाला शाळेच्या तलावात फुकट शिकवणार आहेत. त्यांच्या तोंडात कायम शिट्टी असते, म्हणून सगळ्या त्यांना शिट्टीताईच म्हणतात.

शिवणवालीला म्हटलं, "अगं, वय बघ माझं. बावन्न."

"वहिनी, तुम्हीच सांगितलंत ना, लहानपणी कालव्यात पोहायच्या?"

"त्याला चाळीस वर्षं झाली."

"मग? पाणी काही बदललं नाही तेव्हापासून."

घरी सांगितलं तर हे हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, म्हणून मी रागावले नाही. म्हणाले, "भाजीची पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावर येताना दोनदा टेकतेस. पळणार कुठे?"

"टेकते, पण येते. तुम्ही तर उतरतच नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. गेल्या मार्चात जिन्यात चक्कर येऊन पडले, अर्धा तास तसेच पडून होते, कुणाला पत्ता नाही. डॉक्टर म्हणतात, आता काही दोष नाही, हिंडा-फिरा. पण दहा महिन्यांत उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून मोठमोठी यंत्रं उघडून बसवली, आणि आता जिन्याला भितात. लेकीची मुलगी पाच महिन्यांची झाली. एवढ्याशा बाळाला घेऊन लेक इतक्या लांब येऊ शकत नाही, आणि आजोबा जाऊ शकत नाहीत.

हे उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "तू पार कर ते पाणी. पळून दाखव. मी तलावाच्या काठावर येऊन उभा राहतो."

संध्याकाळी दिवा लावताना हे त्यांचे शब्द जसेच्या तसे देवाच्या कानावर घातले. साक्षीदार असलेला बरा.

१२ जानेवारी

शिवणवालीने पोहण्याचे कपडे शिवले. शाळेच्या खेळाच्या गणवेशातून उरलेलं ताणणारं कापड होतं, बाह्या मनगटापर्यंत, खाली घोट्यापर्यंत. पाठीवर मोठा ७ आला आहे, तो काही निघेना. ती म्हणते, "राहू दे, ओळखू याल." मजुरी घेतली नाही. मी तिच्या सुनेच्या डोहाळजेवणाला जाईन तेव्हा लक्षात ठेवायचं.

१५ जानेवारी

पहिल्यांदा पाण्यात उतरले. शाळेचा तलाव पंचवीस मीटर लांब, पण मधे जाऊन पाहिलं तर समोरची भिंत परगावी असल्यासारखी. नाकातोंडात पाणी गेलं. शिट्टीताईंनी बांबू पुढे केला, तो धरून बाहेर आले. बाकीच्या बायका हसल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ह्यांना सांगितलं, छान झालं, डोळे पाण्यातल्या औषधाने लाल झालेत. खरं म्हणजे कपडे बदलायच्या खोलीत बसून रडले होते. खोटं बोलले ते देवाजवळ कबूल केलं. उद्या जाईन असं वाटत नाही.

१६ जानेवारी

विशेष काही नाही. गेले, एक लांबी पोहले, आले. ह्यांनी दार उघडायला वेळ लावला. धाप लागलेली. म्हणाले, गॅसची टाकी सरकवत होतो. टाकी होती तिथेच आहे.

२९ जानेवारी

सलग सहा लांब्या! कालव्यातलं बेडकासारखं पोहणं हातापायांना आपोआप आठवलं. शिट्टीताई म्हणाल्या, "काकू, हे तुम्हाला येतंच होतं. तुम्ही फक्त घाबरत होता."

मी म्हटलं, "एकच करत होते मी, तेही मन लावून."

तिसऱ्या मजल्याच्या वळणावरचा कठडा वर्षानुवर्षं करकरायचा. आज हात ठेवला तर गप्प. कुणीतरी तेल दिलंय. वर्गणी घेतात त्याचं एकदा तरी चीज झालं म्हणायचं.

७ फेब्रुवारी

सोळा लांब्या म्हणजे चारशे मीटर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांबी. माझी पंचाईत अशी, की पोहताना मी नाम घेते, त्याने श्वास जागेवर राहतो. पण नाम रंगलं की आकडा सुटतो. नऊ झाल्या की अकरा, काही कळेना.

आज उपाय काढला. ह्यांचे शर्ट फाटले की बटणं काढून डब्यात ठेवते. त्यातली सोळा मोजून डाळीच्या चेपलेल्या वाटीत घातली. शिडीजवळ वाटी ठेवली, शेजारी डब्याचं झाकण. वाटीपाशी आले की एक बटण उचलायचं, झाकणात टाकायचं, पुन्हा निघायचं. वाटी रिकामी झाली की बाहेर यायचं. तीस वर्षं घराचा हिशोब लिहिते आहे, एवढ्यात चूक व्हायची सोय नाही.

आज दहाच बटणं झाली आणि दम संपला. पण सोळा होतील. खात्री आहे.

१५ फेब्रुवारी

सोळा झाली! बाहेर आले तेव्हा पाय कापसाचे झाले होते. घड्याळात पाहिलं तर पस्तीस मिनिटं.

शिवणवाली माझ्याबरोबर उतरते आणि वाटीत माझी सहा-सात बटणं उरलेली असतात तेव्हा टॉवेल गुंडाळून काठावर बसलेली असते. आणि ती तर पाण्यात भांडल्यासारखे हात मारते. मला वाटायचं, मी बरी पोहते. घड्याळ वेगळं सांगतंय.

शिट्टीताईंनी आज नियम वाचून दाखवले. चारशे मीटरला वीस मिनिटं. त्यात पाण्याबाहेर आलं नाही तर होडी येते आणि उचलून नेते.

"भाड्याविना होडी!" शिवणवाली म्हणाली. "वहिनी, तुम्ही मुद्दामच हळू पोहताय."

मी हसले. पण पस्तीस आणि वीस.

२४ फेब्रुवारी

जिन्याखाली ह्यांची कारखान्यात जायची सायकल गंजत पडली होती. आज दुरुस्तीला न्यावी म्हणून काढायला गेले, तर चेन तेलात न्हालेली, चाकांत हवा, ब्रेकला नवे रबर. पुसून लखलखीत केलेली.

शिवणवालीचे आभार मानले. ती म्हणाली, "मी? मला सुईत दोरा ओवायला वेळ नाही वहिनी." मोठेपणा घ्यायचा नाही तिला, दुसरं काय. मी पुन्हा विचारलं नाही. तिच्या मशीनवर एक लिंबूसरबत ठेवून आले.

दहा किलोमीटर सायकल झाली. उतरल्यावर पळायला गेले तर पाय गोलच फिरत होते.

५ मार्च

एकतीस मिनिटं.

पळण्याचं जमतंय. तीन किलोमीटर न थांबता. भाजी घेऊन आता चार मजले एका दमात चढते. दुसऱ्या मजल्यावर मुद्दाम थांबून बघितलं, टेकावंसं वाटतं का. नाही वाटलं.

सगळं पाण्यातच अडलंय. सकाळच्या पूजेत तेच मागते. देवाला मिनिटं मागायची लाज वाटते, पण दुसरं मागण्यासारखं सध्या काही नाही. म्हणजे आहे. पण ते ह्यातूनच येणार आहे.

१३ मार्च

आज घरी आले तर ह्यांचे केस कापलेले. मानेवर पावडर सुद्धा. म्हणाले, न्हावी वर येऊन गेला.

शाळेच्या कुंपणाला लागून दुकान आहे त्याचं. वर्षभर बोलावून बोलावून आला नाही, तेव्हा मीच कात्री चालवत होते. आणि आज चार मजले चढून आला, तेही सकाळी साडेसहाला! बरं, जमिनीवर एक केस नाही. झाडूनही गेला म्हणे. असा न्हावी देव सगळ्यांना देवो.

१८ मार्च

अठ्ठावीस मिनिटं. खाली येतच नाही.

जेवताना हे म्हणाले, "त्या समोरच्या भिंतीलाही एक वाटी ठेव की."

मी म्हटलं, "कशाला? मला एक पुरते. दोन वाट्या घासत बसू?"

"तसं नाही..." म्हणाले आणि भात कालवत राहिले. बराच वेळ. भात थंड झाला.

वाटीचं ह्यांना मी कधी सांगितलं ते आठवत नाही. सांगितलं असेल. बोलतच असते मी.

२१ मार्च

सत्तावीस. शर्यतीला पाच दिवस. शिट्टीताई उथळ बाजूला नव्या बायकांना शिकवण्यात गुंतलेल्या असतात, त्यांना काय विचारायचं? जाता जाता एवढंच म्हणाल्या, "काकू, तुमचा दम जबरदस्त आहे हं." समजूत घालतात बिचाऱ्या.

२२ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सकाळी पोहून आले. पुन्हा सत्तावीस. आंघोळ, पूजा झाली आणि वहीचा कागद न फाडता पाठकोऱ्या पाकिटावर शिट्टीताईंना चिठ्ठी लिहायला बसले, की माझं नाव काढा. होडीने उचलून नेलेली बाई काठावरच्या माणसांना बघायला नको. आणि मनात हेही होतं, की मी पाणी पार केलं नाही तर हे कायमचे सुटले. त्यांना घरात बसायला माझंच कारण मिळेल.

हे मागे येऊन उभे राहिले. वाचलं.

"काढू नकोस नाव."

"सत्तावीसच्या खाली येत नाही मी. मुदत वीसची आहे."

"बत्तीस होतात तुझ्या."

"सत्तावीस म्हटलं ना! मिनिटं मी बघते की तुम्ही?"

"मिनिटं नाही. लांब्या. बत्तीस लांब्या होतात. तुझी वाटी एकाच भिंतीला. जातेस ती एक, येतेस ती दुसरी, आणि बटण टाकतेस एकच. सोळा बटणं म्हणजे बत्तीस. आठशे मीटर पोहतेस तू रोज."

मला आधी राग आला. तीस वर्षांत माझ्या हिशोबात चूक काढायची ह्यांची हिंमत झाली नव्हती. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. जमेची बाजू लिहिली होती आणि खर्चाची लिहिलीच नव्हती. दीड महिना. मी!

मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली.

"तुम्हाला काय माहीत, वाटी कुठल्या भिंतीला असते?"

ह्यांनी पाकीट उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"अहो, मी विचारतेय."

"शिडीच्या भिंतीला," हे खाली बघून म्हणाले. "डाळीची, चेपलेली. न्हाव्याच्या दुकानामागे बाक आहे. तिथून कुंपणातून सगळं दिसतं. तीन दिवस मोजलं मी. पहिल्या दिवशी वाटलं, माझंच चुकतंय."

मी खुर्चीत बसले. कठडा. सायकल. साडेसहाला चार मजले चढणारा न्हावी. मी सगळं लिहून ठेवलं होतं आणि बेरीज केली नव्हती.

"मग इतके दिवस बोलला का नाही? मी इथे मिनिटांसाठी देवाला वेठीस धरलंय!"

"बोललो असतो तर मी उतरतो हे कळलं असतं. मग तू म्हणाली असतीस, चला तलावावर. नाही जमत गं. रस्ता ओलांडला की पाय लटपटतात. त्या बाकावर बसतो, घाम पुसतो, आणि तू बाहेर यायच्या आत वर येतो. तेवढंच जमतं."

एवढं सलग हे वर्षभरात बोलले नव्हते.

मी पाकिटावरची चिठ्ठी फाडली. म्हटलं, "तलावावर नका येऊ. जबरदस्ती नाही. मी पार करीन, तुम्ही इथून बघितल्यासारखं करा."

"शब्द दिला होता मी."

"मी परत दिला तुम्हाला."

जेवणात मीठ जास्त झाल्याचं दोघंही बोललो नाही.

२३ मार्च

वाटीत आठच बटणं घातली. साडेतेरा मिनिटं. शिट्टीताईंना चूक सांगितली तर त्यांच्या तोंडातली शिट्टी पडली. "अहो काकू, मला वाटलं तुम्ही हौसेने जास्त करताय! म्हणून तर दमाचं बोलले."

शिवणवाली काठावर लोळायची बाकी होती. "आणि मी तुम्हाला होडीची भीती घालत होते! वहिनी, शर्यतीत एकदाच पार करा हं. परत आणखी एकदा जाल तुम्ही, तुमचा काही भरवसा नाही."

२६ मार्च, दुपार

पाय टबात घालून लिहिते आहे.

पहाटे निघताना हे दारात होते. "नीट जा," म्हणाले. बस. मी देवाला आणि ह्यांना एकाच वेळी नमस्कार केला, म्हणजे वेळ वाचला.

तलावाला भिंत नाही. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असेल, पण अंगावर आलं तेव्हा कळलं. पाणी काळं, गार, तळ दिसत नाही. नारिंगी फुग्याला वळसा घालून परत यायचं. बायकांचे पाय माझ्या तोंडावर, माझे कुणाच्या तरी. मधेच एकदा वाटलं, झालं, पंधरा जानेवारी पुन्हा आली. मग नाम सुरू केलं आणि आकड्याचं बघितलंच नाही. इथे मोजायचं काही नव्हतंच. हात काठाच्या चिखलाला लागला तेव्हा एकजण ओरडला, "सात नंबर, सोळा मिनिटं!" माझा नंबर एकशे चाळीस. पण पाठीवर सात होता.

होडी माझ्या वाट्याला आली नाही. शिवणवालीच्याही नाही. ती माझ्या आधी निघाली आणि सायकलवर बसता बसता ओरडली, "वहिनी, परत पाण्यात जाऊ नका!"

सायकलवर विशेष लिहिण्यासारखं नाही. चेनने एकदाही आवाज केला नाही, एवढं लिहिते.

मग पळणं. पहिली फेरी झाली, वळणावर पाण्याचं टेबल, तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. मी बघितलं नाही असं म्हणणार होते, पण बघितलं. मीच शब्द परत दिला होता, मग बघायचं काय कारण? तरी बघितलं.

दुसऱ्या फेरीला त्याच वळणावर न्हावी टॉवेल हलवत उभा. रविवारी त्याचं दुकान भरलेलं असतं. त्याची स्कूटर झाडाला लावलेली, आणि स्कूटरवर निळा शर्ट घालून हे बसलेले. मांडीवर वाटी, हातात झाकण. माझ्या पावलांवर नजर. मी पुढ्यात आले तसं एक बटण उचललं, झाकणात टाकलं, आणि चारचौघांत मला कधी हाक न मारणारा माणूस केवढ्याने ओरडला, "अगं, ही दुसरी! एक राहिली!"

पळता पळता मी ओरडले, "पहिली कुठे मोजलीत?"

"मोजली! झाडामागे होतो!"

लोक हसले. मला श्वास पुरेना, पण मीही हसत होते. तिसरी फेरी कशी गेली आठवत नाही. एवढं आठवतं, की वळणावर आले तेव्हा स्कूटर रिकामी होती. हे काठावर उभे होते. न्हाव्याने कोपराला धरलं नव्हतं, कुणीच धरलं नव्हतं. वाटीतलं बटण वाजत होतं, पण उभे होते.

शेवटून तिसरी आले. माझ्यामागे दोघी आहेत, दोघी माझ्याहून लहान.

२७ मार्च

अंग इतकं दुखतंय की देवापुढे नुसते हात जोडले, वाकले नाही. देव समजून घेईल.

लेकीला फोन केला. तिच्याकडे जायची, पुढच्या आठवड्याची दोन तिकिटं काढायची. हे शेजारून म्हणाले, "खिडकीजवळची जागा नको, दाराजवळची घे." ठीक आहे, दाराजवळची.

दुपारी वहीची मागची पानं दुरुस्त करायला बसले. ७ फेब्रुवारीपासून प्रत्येक दिवसाच्या लांब्यांचा आकडा दुप्पट केला, तांबड्या पेन्सिलीने. हे समोर बसून बटणं परत डब्यात टाकत होते.

मी विचारलं, "पहिल्यांदा खाली कधी गेलात? आता खरं सांगा."

"खाली नाही. एकच मजला. तिसऱ्यापर्यंत गेलो आणि कठड्याला धरून परत आलो." बटण हातात फिरवत राहिले. "तू लाल डोळे घेऊन आलीस आणि म्हणालीस औषध झोंबलं. तरी दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघालीस. त्या दिवशी."

पानं मागे उलटली. १६ जानेवारी. माझ्याच अक्षरात: विशेष काही नाही.

खोडलं नाही. बाजूला तांबड्या पेन्सिलीने लिहिलं: एक मजला.